रॅम वाढवली आणि संगणक बंद पडू लागला : फ्लेक्सच्या दुकानातलं एक प्रकरण

कराडमधलं एक फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान. डिझाइनसाठी एकच बरा संगणक: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार रॅम-स्लॉटवाला मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम, २६६६ वेगाची. कॅबिनेट जुन्या धाटणीचं, म्हणजे एसएमपीएस वरच्या बाजूला आणि तारा मागून न्यायला जागाच नाही. सगळ्या तारा मदरबोर्डच्या समोरूनच लोंबतात.

आठ जीबीत भागत नव्हतं, आणि ते खरंच होतं. वीस बाय दहा फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला उघडला तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका लेयरलाच सुमारे ६०० एमबी लागतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर किती चेहरे असतात हे कुणाला सांगायला नको. प्रत्येक चेहऱ्याचा एक लेयर, त्याला सावली, त्याला कडा. रॅम भरून फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागलं की डिझायनर चहा पिऊन येई. तेव्हा दुकानमालकाने गावातल्याच एका हार्डवेअरवाल्याकडून १६ जीबीची डीडीआर४ ३२०० रॅम टाकून घेतली. जुनी ८ आणि नवी १६, एकूण २४. हार्डवेअरवाल्याने जाताना "स्पीडपण वाढवून दिलाय" असं सांगितलं आणि तारांचा गुंता होता तो टायने छान बांधूनही दिला.

त्या आठवड्यापासून संगणक मधेच बंद पडायला लागला.

माझ्याकडे हे प्रकरण आलं तोवर नेहमीचे उपाय होऊन गेले होते. विंडोज फॉरमॅट मारून झालं होतं. यूपीएसची बॅटरी बदलली होती. नवी रॅम काढून ठेवल्यावर चार दिवस संगणक सुरळीत चालला, म्हणून ती वॉरंटीत बदलून आणली. बदलून आलेली टाकल्यावर पुन्हा तेच. आता हार्डवेअरवाल्याचं म्हणणं होतं की मदरबोर्डला २४ जीबी झेपत नाही. हे म्हणणं पहिल्यांदा बाजूला ठेवावं लागलं. बी४५०चा चार स्लॉटांचा बोर्ड ६४ जीबी सहज ओळखतो, आणि न ओळखलेली रॅम संगणक सुरूच होऊ देत नाही किंवा कमी दाखवते. दोन तास काम करू देऊन मग वीज तोडत नाही.

मालकाला मी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होतो: बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं? पडदा निळा होतो? चित्र गोठतं? आपोआप परत सुरू होतो, की पंख्यासकट सगळं मरतं? मालक म्हणाले, "साहेब, बंद पडतो म्हणजे बंद पडतो." डिझायनर पोराने मात्र नीट पाहिलेलं होतं. त्याचं म्हणणं, "कधी निळं येऊन रिस्टार्ट होतो. पण जास्त करून टक् आवाज येतो आणि सगळंच जातं. माउसची लाईट तेवढी चालू राहते."

या दोन वाक्यांत निम्मं काम झालेलं होतं. तक्रार एक असली तरी बिघाड दोन असू शकतात, ही शंका इथेच आली.

विंडोजच्या नोंदी

संगणक अचानक गेला की पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत कर्नल-पॉवर या नावाने ४१ क्रमांकाची नोंद टाकतं. बरेच जण ही नोंद पाहतात आणि "पॉवर लिहिलंय, एसएमपीएस बदला" असा निकाल देऊन मोकळे होतात. पण ४१चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. कारण त्या नोंदीच्या आत, तपशिलाच्या पानावर शोधावं लागतं.

तिथे बगचेक-कोड नावाची एक ओळ असते. विंडोज स्वतः कोसळलं असेल, म्हणजे निळा पडदा आला असेल, तर त्या चुकीचा आकडा इथे येतो. हा आकडा दशमान पद्धतीत छापलेला असतो, निळ्या पडद्यावर तोच षोडशमान पद्धतीत (नऊनंतर ए ते एफ अक्षरं) दिसतो, म्हणून लोकांना दोन्हींचा मेळ लागत नाही. इथे २६ दिसलं तर ते १ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंटची चूक. १० दिसलं तर ए, म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने नको त्या पत्त्यावर हात घातला; हीदेखील बिघडलेल्या रॅममध्ये नेहमी भेटणारी. आणि शून्य दिसलं तर विंडोजला मरताना काही लिहायला सवडच मिळाली नाही: एक तर वीज तुटली, किंवा यंत्र असं गोठलं की कुणीतरी रीसेटचं बटण दाबलं.

त्याच पानावर आणखी एक ओळ असते, पॉवर-बटण-टाइमस्टॅम्प. कुणी पुढचं बटण दाबून धरून संगणक बंद केला असेल तर इथे शून्याऐवजी लांबलचक आकडा येतो. दुकानात चार माणसं संगणक हाताळत असतील तर ही ओळ आधी बघावी. "आपोआप बंद झाला" या तक्रारींतल्या काही तक्रारी इथेच निकालात निघतात.

या दुकानातल्या नोंदी दोन ढिगांत पडल्या. एका ढिगात २६ आणि १०. दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या ढिगात बगचेक शून्य आणि बटणाचा वेळही शून्य. निळा पडदा आल्यावर विंडोज स्वतःहून रिस्टार्ट होतं, ती मूळचीच सेटिंग असते, त्यामुळे मालकाच्या डोळ्यांसमोर दोन्ही प्रकार एकच दिसत होते. आपोआप रिस्टार्टची ती सेटिंग मी काढून टाकली, म्हणजे यापुढे निळा पडदा आला तर तो पडद्यावर राहील.

पहिला ढीग: रॅमचा

हा भाग फार वेळ घेणारा नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू होतं: रॅमवर लिहून आलेला जादा वेग लावणारी सोय. "स्पीड वाढवून दिलाय" तो हाच. नव्या रॅमच्या एक्सएमपी प्रोफाइलमध्ये ३२०० चा वेग, १६ची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा विलंब) आणि १.३५ व्होल्ट लिहिलेले होते. शेजारची जुनी पट्टी २६६६ची, १९ लेटन्सीची, १.२ व्होल्टवर चालायला बनवलेली. मदरबोर्ड प्रत्येक पट्टीला वेगळा वेग देऊ शकत नाही; एक्सएमपी लावलं की दोघींना तेच आकडे. जुनी त्या वेगाला कधी चाले, कधी चुके.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून चालवलं, तर पहिल्याच फेरीत चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. एक्सएमपी काढून सगळं ऑटोवर टाकलं, बोर्डाने दोन्ही पट्ट्या २६६६वर आणल्या, आणि रात्रभर चाललेल्या चाचणीत एकही चूक नाही. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी यापूर्वी हार्डवेअरवाल्याने केली होती, ती निर्दोष आली होती. माझा त्या तपासणीवर फारसा भरवसा नाही. ढोबळ दोष ती पकडते, वेगामुळे काठावर डळमळणारी रॅम पुष्कळदा तिच्या हातून निसटते.

एका गोष्टीची इथे नोंद करायला हवी. ३६०० प्रोसेसर दोन पट्ट्यांसाठी ३२०० पर्यंतचा वेग अधिकृतपणे चालवतो, म्हणजे प्रोसेसरला किंवा नव्या रॅमला काहीच झालेलं नव्हतं. परत गेलेली पहिली नवी पट्टीही बहुधा चांगलीच होती. एकाच कंपनीच्या, एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या असत्या तर ३२०० बिनबोभाट चालले असते. २६६६ आणि ३२०० यांच्यातला फरक बॅनर डिझाइनमध्ये जाणवण्याइतका नसतो, पण ८ आणि २४ जीबीतला फरक चहाच्या बिलात दिसतो.

निळे पडदे तिथेच थांबले. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला: "साहेब, टक् झालं."

दुसरा ढीग: काय नाही ते आधी

रॅमची चूक आणि वीज तुटणं यांचा संबंध जोडायला लोक फार उत्सुक असतात, कारण घटनांचा क्रम तसा असतो. म्हणून आकडे मांडून बघितले. डीडीआर४ची १६ जीबीची पट्टी पूर्ण कामात असताना तीन-चार वॅट घेते. ३६०० प्रोसेसर मूळ सेटिंगवर ८८ वॅटच्या वर जात नाही. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचं कार्ड, त्याला वेगळी तारही लावावी लागत नाही, स्लॉटमधूनच त्याचं पोट भरतं. डिस्क, पंखे, बोर्ड यांचे पन्नासेक धरले तरी एकूण सव्वादोनशे वॅटच्या आतबाहेर. ४५० वॅटचा एसएमपीएस, जरी त्यावरचा आकडा थोडा फुगवून छापलेला असला, तरी चार वॅटांनी कोलमडणार नाही. रॅम वाढवल्याने एसएमपीएसवर ताण आला, हे स्पष्टीकरण बाद.

तापमान? एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दर दोन सेकंदांनी नोंद होईल असं लावून ठेवलं. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळींत प्रोसेसर साठीच्या आसपास होता. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. शिवाय तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करून स्वतःला वाचवू बघतो, कामात जडपणा येतो आणि मग अगदीच हाताबाहेर गेलं तर वीज तोडतो. इथे बिल करताना, टॅलीत बसल्या बसल्याही संगणक गेला होता. एवढं मात्र खरं की वीज तुटते तेव्हा फाइलच्या शेवटच्या काही सेकंदांच्या ओळी डिस्कवर पोचलेल्या नसतात, त्यामुळे अशा नोंदीतून शेवटचा क्षण दिसेल अशी आशा धरू नये; त्याआधीचा कल दिसतो, तो पुरेसा असतो. हेच इंटेलचं यंत्र असतं आणि त्याला चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसणारा कंपनीचा कूलर असता, तर मी सर्वांत आधी कूलर हलवून बघितला असता. रॅम जोराने दाबताना बोर्ड वाकतो आणि त्यातली एखादी खुंटी सुटते, हे वारंवार घडतं. ३६०० सोबतचा कूलर चार स्क्रूंनी आवळलेला असतो; इथे तो पक्का होता.

यूपीएसबद्दल मालकांची खात्रीच होती. सायंकाळी व्होल्टेज पडतं, मोठं प्रिंटिंग मशीन सुरू झालं की दिवे मिणमिणतात, सगळं खरं. पण मॉनिटर त्याच यूपीएसवर होता, आणि संगणक गेल्यावर मॉनिटर चालू राहून "सिग्नल नाही" असं दाखवत होता. आणखी खात्रीसाठी संगणकावर भरपूर काम लावून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला, पुन्हा घातला, असं बऱ्याचदा केलं. यूपीएस लाईटवरून बॅटरीवर उडी मारतो त्याला दहा मिलिसेकंदांच्या आतला वेळ लागतो, आणि चांगला एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. संगणक एकदाही हलला नाही. बॅटरीचे पैसे वाया गेले असं मी म्हटलं नाही. जुनी बॅटरी तशीही मेलेलीच होती.

आता राहिली माउसची लाईट. एसएमपीएस बंद असतानाही पाच व्होल्टची एक तार, स्टँडबायची, चालूच असते. तिच्यावरच पॉवरचं बटण ऐकलं जातं आणि काही बोर्डांवर यूएसबीही जिवंत राहतं. संगणक मेल्यावर माउस चमकत होता, म्हणजे एसएमपीएसला भिंतीकडून वीज मिळत होती. आणि बटण दाबल्यावर तो लगेच सुरू होत होता, क्वचित तर दोन-तीन सेकंदांनी स्वतःच उठत होता. शॉर्ट किंवा जादा करंटमुळे एसएमपीएसने स्वतःचं संरक्षण म्हणून वीज तोडली असेल तर पुष्कळ एसएमपीएस अडून बसतात, मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय उठत नाहीत. हा पक्का पुरावा नव्हे, पण कल कळतो. हा एसएमपीएस अडून बसत नव्हता. त्याला जणू कुणी "बंद हो" असं सांगत होतं आणि तो मुकाट्याने होत होता.

सायंकाळी पाच ते आठ

शून्यवाल्या सगळ्या नोंदींच्या वेळा मी एका कागदावर उतरवल्या. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून टाळलं जातं, पण "कधीही बंद पडतो" या वाक्यातलं "कधीही" खरं आहे का, हे दुसऱ्या कशाने कळत नाही. सकाळी जवळपास काही नाही. दुपारी एखादी. सायंकाळी पाच ते आठमध्ये दाटी. रविवारी, दुकान अर्धा दिवस उघडं असताना, काहीच नाही.

मालकांना हा कागद दाखवल्यावर ते पुन्हा व्होल्टेजवर गेले. तो मार्ग आम्ही बंद केलेला होता. मग पाच ते आठमध्ये दुकानात वेगळं काय होतं? डिलिव्हरी होते. आणि डिलिव्हरीच्या आधी फ्लेक्सला आयलेट मारतात.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फ्लेक्सच्या कडा दुमडून चिकटवतात, मग ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात पितळी कडी बसवतात, आणि ती पंचावर हातोडीचा ठोका देऊन पक्की करतात. या दुकानात आयलेट मारायचं टेबल आणि संगणकाचं टेबल एकच होतं. लांबच लांब, एका टोकाला पोरगा हातोडी घेऊन, दुसऱ्या टोकाला कॅबिनेट.

डिझायनरला विचारलं तर तो म्हणाला, "आयलेट तर आम्ही पहिल्यापासून इथंच मारतोय, तेव्हा कधी बंद नाही पडला." बरोबर होतं. म्हणजे ठोका हे कारण नव्हतं. ठोक्याने हलेल असं काहीतरी रॅम टाकताना तयार झालं होतं.

चोवीस पिनांचा खटका

यानंतर कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डावर दोन पट्ट्या लावायच्या तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. हार्डवेअरवाल्याने ते अचूक केलं होतं. चौथा स्लॉट बोर्डाच्या कडेला येतो आणि त्याला खेटून २४ पिनांचा मुख्य पॉवर कनेक्टर असतो. या कॅबिनेटमध्ये त्या कनेक्टरची जाड तार वरून, स्लॉटच्या तोंडावरूनच खाली येत होती. चौथ्या स्लॉटचा खटका उघडायचा, पट्टी सरळ खाली दाबायची, तर ती तार हाताने बाजूला ओढून धरल्याशिवाय जमणारच नाही. पट्टी बसल्यावर ती तार पुन्हा आडवी येऊ नये म्हणून ती ओढून डिस्कच्या खणाला टायने आवळलेली होती. दिसायला सुबक. पण टायचा ताण कनेक्टरच्या एका टोकावर येत होता आणि ते टोक दुसऱ्यापेक्षा किंचित वर उचललेलं होतं. कनेक्टरच्या कुशीतली कडी बोर्डावरच्या दात्यात अडकलेली नव्हती, त्यावर नुसती टेकलेली होती. वरून बघताना हे दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च बोर्डाला समांतर धरला तेव्हा फट दिसली.

दिसलं म्हणून लगेच दाबून टाकायचं नाही. आधी ठरवायचं की हेच कारण आहे का. एकदा दाबलं की पुरावा गेला.

विंडोज चालू असताना तारा हलवून बघणं धोक्याचं. डिस्कवर लिहिलं जात असताना वीज गेली तर फायली खराब होतात, आणि डिझायनरच्या फायलींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. म्हणून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ सुरू केलं. या वेळी रॅम तपासण्यासाठी नव्हे; डिस्कला हात न लावता यंत्र जागं ठेवणारा कार्यक्रम म्हणून. मग लाकडी पट्टीने एकेक गोष्ट हलकेच दाबत गेलो. रॅमच्या पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर तार, डिस्कच्या तारा, पुढच्या बटणाच्या बारीक तारा. काही नाही. मुख्य कनेक्टरच्या उचललेल्या टोकाला टायच्या दिशेने जरासं ढकललं: टक्. माउस चमकत राहिला. पुन्हा सुरू करून पुन्हा ढकललं: टक्.

या जोडणीतल्या चोवीस तारांपैकी एक हिरवी असते, सोळाव्या पिनेवरची. एसएमपीएसला चालू ठेवण्यासाठी मदरबोर्ड ही तार शून्य व्होल्टकडे खेचून धरतो. सोडली की एसएमपीएसच्या आतलाच एक रोध (रेझिस्टर) तिला पाच व्होल्टकडे वर नेतो आणि एसएमपीएस स्टँडबायची तार वगळता सगळं बंद करतो. या पिनेतून करंट जवळपास वाहतच नाही, ती नुसती खूण आहे. म्हणून तिच्या सैल जोडणीत ठिणगी नाही, जळका वास नाही, व्होल्टेज हळूहळू घसरणं नाही. क्षणभर संपर्क सुटला की एसएमपीएसच्या लेखी मदरबोर्डानेच बंद व्हायला सांगितलं. बाकीच्या बहुतेक व्होल्टेजना एकाहून जास्त पिना असतात, एक सैल झाली तर दुसऱ्या निभावून नेतात. हिरवीला जोडीदार नाही.

मीटरची एक टोकदार सुई हिरव्या तारेच्या मागून कनेक्टरमध्ये घालून बघितलं. चालू असताना जवळजवळ शून्य, टक् होताच पाचाच्या जवळ. इथे मोह होतो की झालं सिद्ध. पण तसं नाही: मदरबोर्डाने स्वतःहून संगणक बंद केला असता, तरी मीटरने हेच दाखवलं असतं. तारेच्या बाजूला मोजून "संपर्क सुटला" आणि "बोर्डाने सोडलं" यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एकाच क्षणी तार आणि बोर्डावरची पिन, दोन्ही बघावी लागतात, आणि त्या अडचणीच्या जागेत ते शक्य नव्हतं. म्हणून हिरवी तार हा माझा अंदाज आहे, सर्व लक्षणांशी जुळणारा. कनेक्टर हे मात्र अंदाजाचं काम नव्हतं.

टाय कापला. कनेक्टर पूर्ण बाहेर काढून आतल्या पिना पाहिल्या. एखादी पिन घरट्यातून मागे सरकलेली असेल तर नुसतं दाबून उपयोग नसतो. सगळ्या जागेवर होत्या. बारा व्होल्टच्या दोन पिवळ्या तारांपैकी एकीच्या तोंडाशी प्लास्टिक किंचित तपकिरी झालेलं होतं. ग्राफिक्स कार्डाला लागणारी वीज स्लॉटमधून, म्हणजे शेवटी याच दोन पिनांतून जाते, पूर्ण कामात साडेपाच अँपिअरपर्यंत. एक पिन अर्धवट बसली की सगळा भार दुसरीवर. हे असंच महिनोन्‌महिने चाललं असतं तर पुढची तक्रार बंद पडण्याची नसून वासाची आली असती.

कनेक्टर दोन-तीनदा काढून घालून, मग सरळ दाबून, कडी वाजेपर्यंत बसवला. तारेला सैल वळण दिलं. मेमटेस्ट पुन्हा सुरू करून पोराला म्हटलं, मार आयलेट. त्याने मनापासून मारले. लाकडी पट्टीने कनेक्टर चहूबाजूंनी ढकलून पाहिला. काही नाही. शेवटी तार पुन्हा आधीसारखी ओढून, कडी सोडवून, नव्या टायने खणाला आवळली. थोड्याच ठोक्यांत टक्. मालकांना हे उलटं करणं अजिबात आवडलं नाही, "बरं झालेलं परत कशाला बिघडवताय" म्हणाले. पण बिघाड हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, हे पाहिल्याशिवाय मी बिल करत नाही.

रॅम काढल्यावर चार दिवस का चालला?

हा प्रश्न राहिला होता, आणि हार्डवेअरवाल्याची बाजू त्याच्यावरच उभी होती. उत्तर कॅबिनेटच्या तळाशी धुळीत पडलेलं होतं: कापलेल्या टायचे जुने तुकडे. चौथ्या स्लॉटमधली पट्टी काढायची तर टाय कापावाच लागतो. रॅम बाहेर होती तेव्हा टायही नव्हता, तार सैल होती, एक्सएमपीही आपोआप गेलेलं होतं. बदललेली रॅम टाकली तेव्हा तार पुन्हा बांधली, स्पीड पुन्हा वाढवला. त्यामुळे रॅम आत म्हणजे बिघाड, रॅम बाहेर म्हणजे ठीक, असा हिशेब चोख जुळत होता. त्या माणसाने तपासणी केली नाही असं म्हणता येणार नाही. त्याने एक गोष्ट बदलली असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात दर वेळी तीन बदलत होत्या.

नवीन भाग काहीच लागला नाही. पिवळ्या तारेच्या त्या तपकिरी खुणेमुळे एसएमपीएस बदलून घ्या असं सांगितलं आहे. मालकांचं म्हणणं, दिवाळीचा सीझन होऊ दे. तोवर महिन्यातून एकदा बाजूचा पत्रा काढून त्या कनेक्टरला हात लावून बघायचं, गरम लागला तर वाट बघायची नाही, असं डिझायनरला दाखवून ठेवलं. कॅबिनेट टेबलावरून खाली, लाकडी पाटावर गेलं. फायलींसाठी एक बाहेरची डिस्क घेतली. आयलेट अजून त्याच टेबलावर मारतात.

पुढे एकदा मी सहज इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ४१ची एक ताजी नोंद दिसली. बगचेक शून्य. पण बटणाच्या वेळेच्या ओळीत लांबलचक आकडा होता. डिझायनरला विचारलं. कोरल हँग झालं होतं आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून त्यानेच बटण दाबून धरलं होतं.